एक जूनची माणसं

(तालुक्याच्या वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर. बोलण्यातला पसारा थोडा आवरला आहे.)



सुरुवातीलाच एक काम सांगते. ज्यांची जन्मतारीख कागदावर एक जून आहे, त्यांनी जरा हात वर करावा.

घ्या खाली. पुढच्या तीन रांगांत वर न गेलेले हात मोजणंच सोपं होतं. अध्यक्षांचाही हात वर होता, याची कार्यवाहांनी इतिवृत्तात नोंद घ्यावी.

मी शिक्षण खात्यात कारकुनी करते. आमच्याकडे एकतीस मे हा सणासारखा असतो. ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे एक जूनची सगळी माणसं एकतीस मेला एकदम घरी जातात. गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, शिपाई, सगळे. फुलवाला हार आदल्या दिवशीच करून ठेवतो. शाली घाऊक येतात. आज तीस तारीख आहे, म्हणजे उद्या मला सहा ठिकाणी पेढे खायचे आहेत.

ज्यांच्या आठवणीसाठी आपण जमलो आहोत, त्या माझ्या आजीचीही कागदावरची तारीख एक जूनच होती. पण शिक्षिका म्हणून तिनं शाळेत मुलांची ही तारीख लिहायचं शक्य तितकं टाळलं. आजच्या बोलण्याचा विषय एवढाच आहे. आजीच्या त्यागावर आणि सेवाभावावर बोलणारे लोक या गावात पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतात.

तिला सगळा गाव बाई म्हणायचा. आम्ही घरचेही बाईच म्हणायचो. माझे वडील तिच्याच वर्गात होते. पहिल्या दिवशी ते वर्गात ‘आई’ म्हणाले, तेव्हा तिनं त्यांना उठवलं आणि इथं बाई म्हणायचं असं सांगितलं. ते घरी आल्यावरही विसरले नाहीत. पुढं लग्न होऊन आलेली माझी आई तेच म्हणू लागली, मग आम्ही नातवंडं. तेव्हा मी आता आजी म्हणण्याचं सोडून देते. जिभेला वळण नाही.

बाईचं आयुष्य मोठं होतं. नेमकं किती मोठं, तिथंच खरी अडचण आहे.

ही एक जूनची भानगड कशी सुरू झाली, ते नव्या मुलांना माहीत नसतं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पहिलीत घ्यायला सहा वर्षं पूर्ण हवीत. बाप पोराला बखोट धरून आणायचा. गुरुजी विचारायचे, वय काय? बाप म्हणायचा, तुमीच बगा की. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायला सांगायचे. बोटं डाव्या कानाला पोचली की पोर सहा वर्षांचं. चालू सालातून सहा वजा केले, पुढं एक जून लिहिलं, तीच तारीख अक्षरांतही लिहिली, की संपलं. जनरल रजिस्टरात ही तारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन वेळा लिहावी लागते, म्हणजे खाडाखोड करता येऊ नये. खोट्या तारखेलाही दोन-दोन कुलपं.

गावात जन्माची नोंद अजिबात व्हायची नाही असं नाही. कोतवाल बुक असायचं, त्यालाच महसुलात गाव नमुना चौदा म्हणतात. पण त्यात तारखेपुढं बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी एवढंच असे. मुलाचं नाव नसे, कारण बारसं व्हायच्या आत कोतवालाची फेरी होऊन गेलेली. चार भाऊ असलेल्या घरात कुठला ‘मुलगा’ कुठला, हे कोण सांगणार? ही पुस्तकं तहसिलीत धूळ खात पडायची. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ती आणि शाळांची जुनी रजिस्टरं परत उजेडात आली. आमच्या ऑफिसात तेव्हा दोन महिने शिंकांशिवाय दुसरा आवाज नव्हता. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठी एकच कायदा १९६९ साली झाला. तोवर आपल्या बहुतेक थोरांचं वय गुरुजींनी ठरवलेलं होतं.

बाई व्हर्नाक्युलर फायनल पास झाली, ट्रेनिंग केलं आणि १९५०च्या सुमारास स्कूल बोर्डाच्या शाळेत लागली. १९६२च्या एक मेला जिल्हा परिषदा आल्या आणि ती न हलता जिल्हा परिषदेची झाली. नोकरीचा बराचसा काळ पाटण तालुक्यात, कोयनाकाठी गेला. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तिनंही कान धरूनच तारखा लिहिल्या. तसं तिनंच मला सांगितलं. मग एका जूनमध्ये एका आईनं जुळ्यांना आणलं. त्यातला एक उंच होता, एक खुरटा. उंचाचा हात कानाला पोचला, खुरट्याचा पोचला नाही. हेडमास्तर म्हणाले, एकाला घ्या, दुसऱ्याला पुढच्या वर्षी. बाई म्हणाली, एका दिवशी जन्मलेली पोरं आहेत. हेडमास्तर म्हणाले, कशावरून?

त्या ‘कशावरून’नं तिची झोप उडवली. तिनं शंभर पानी वही घेतली आणि दर जूनला नव्या पोरांच्या आयांना विचारायला सुरुवात केली.

इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण ती कुठल्याही गौरवग्रंथात येणार नाही. गुरुजींनी एक जून लिहिलं ते आळसानंच लिहिलं असं नाही. गुरुजींना विचारता येत नव्हतं. ज्याला तारीख माहीत नाही असा बाप समोर उभा. जिला माहीत आहे ती आई घरात, डोक्यावर पदर घेऊन. परक्या पुरुषानं तिला बाळंतपणाबद्दल कसं विचारायचं? बाई विचारू शकत होती. ती चुलीपाशी जाऊन बसत होती.

आणि विचारायची काय? तारीख कधीच नाही. “पोर झालं तेव्हा भात कुठवर आलं होतं?” “पोटरीला होतं बगा.” “बेंदूर होऊन गेला होता?” “बेंदराच्या पोळ्या म्याच लाटल्या की. बाजंवर नव्हते मी.” “गौरी?” “गौरी माझ्याविनाच जेवल्या.” म्हणजे बेंदूर ते गौरी, एवढी दीड-दोन महिन्यांची जागा सापडली. मग चंद्र. रात्री झालं असेल तर चांदणं होतं का, सुईणीला आणायला कंदील लागला का. वहीत ‘कंदील’ हा शब्द कितीतरी ठिकाणी आहे. कंदील म्हणजे वद्य पक्ष.

सगळ्यात हुकमी खूण वेगळीच होती. पाटणचे निम्मे पुरुष तेव्हा मुंबईला. गिरणीत, गोदीत, दाणाबाजारात पाठीवर पोती वाहायला. वर्षातून दोनदा गावाला यायचे, शिमग्याला नाहीतर गणपतीला, फार तर मे महिन्यात लग्नकार्याला. बाई हळूच विचारायची, “मालक कधी आले होते?” बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि सांगायच्या. बाई बोटांवर नऊ महिने नऊ दिवस मोजायची. वहीत या रकान्याला तिनं मथळा दिला आहे ‘रजा’. माझे आजोबाही गिरणीतच होते, त्यामुळे तिला हा हिशेब घरचाच होता. ते १९८२च्या संपात गावाला परत आले ते कायमचे, आणि पुढं आठ वर्षं घर तिच्या पगारावर चाललं. पण आज मी आजोबांवर बोलत नाही. बोलले असते तर त्यांनीच मला थांबवलं असतं.

महिना आणि पक्ष कळला की बाई पंचांग काढायची. सोलापूरचं दाते पंचांग, दर सालचं, सुतळीनं बांधलेला गठ्ठा. तिला त्यात भविष्य बघायचं नसे. तिथीवरून तारीख काढायची असे. एका नोंदीवर तिची तीन पानं गेली आहेत. आई ठाम सांगत होती, “सरावणात झालं, पण नागपंचमीच्या आदुगर पंधरा-वीस दिस.” श्रावण लागल्यावर पाचव्या दिवशी नागपंचमी. मग श्रावणातच, पण नागपंचमीच्या पंधरा-वीस दिवस आधी, कसं? सासू म्हणाली, सून खुळी आहे. बाईनं १९६६चं पंचांग उघडलं तर त्या साली अधिक श्रावण. श्रावण दोन. धोंड्याचा महिना आधी, नागपंचमी नंतरच्या श्रावणात. सून खुळी नव्हती. तिला घटना जशी घडली तशी आठवत होती. बाईनं मग ती तारीख शाईनं लिहिली. पक्की होईपर्यंत शिसपेन, पक्की झाली की त्यावरून शाई, हा तिचा शिरस्ता होता.

आता कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेले होते. कोयनानगर झोपेतच जमीनदोस्त झालं. आमच्या गावात शाळेची मागची भिंत बसली, कौलं सगळी अंगणात. धक्के बसतच राहिले. घरात शिरायची कुणाची छाती होईना. लोक आठवडेच्या आठवडे शेतात छपरं घालून राहिले आणि त्या थंडीत, त्या छपरांत बाया बाळंत झाल्या. ही पोरं ‘भूकंपातली’ म्हणूनच ओळखली जातात. त्यांच्या जन्माला सरकारदरबारी कागद नसेल, पण सगळा तालुका साक्षीला होता.

ही पोरं १९७३च्या जूनमध्ये साडेपाच वर्षांची होती. त्याआधीचं वर्ष दुष्काळाचं. पुष्कळ पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेली, पट घसरलेला. पट कमी झाला की एक शिक्षक जादा ठरतो. हेडमास्तरांनी सांगितलं, भूकंपातल्या पाच पोरांना यंदाच घ्या, १ जून १९६७ लिहा. बाईनं पेन खाली ठेवलं. “गुरुजी, ही भूकंपातली पोरं. जूनची लिहिली तर भूकंप झाला तेव्हा सहा महिन्यांची होती असं होतं. उद्या ती पोरंच मला विचारतील, मग भूकंपात कोण जन्मलं?” हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांना शाळा टिकवायची होती. पाचही पोरं पुढच्या वर्षी आली आणि बाईची बदली घाटावरच्या एका वाडीत झाली. एसटीतून उतरून पाच मैल चाल. त्या नकारामुळंच झाली, असं माझे वडील म्हणतात. बाई म्हणायची, बदलीची पाळीच होती. दोघांच्या मध्ये मी पडत नाही.

एवढ्यावर थांबले तर टाळ्या पडतील. पण वहीत एक नोंद अशीही आहे की ती वगळून मी इथं बोलले असते तर बाईनं मला बाकावर उभं केलं असतं.

एक मुलगा गुरं राखून नवव्या वर्षी शाळेत आला. दुसऱ्या कुणीही त्याचं वय सहा लिहिलं असतं. आणि ते त्याच्या भल्याचं झालं असतं, कारण उशिरा येणाऱ्या पोराला तेवढीच वर्षं नोकरीला जास्त मिळतात. बाईनं नऊ लिहिलं. खरं होतं ते. पोर हुशार निघालं, एसएससी झालं, भरतीला गेलं आणि वयात चार महिन्यांनी बसलं नाही. मग मुंबईला जाऊन पाठीवर पोती. एका गणपतीला तो घरी आला. मी तेव्हा लहान होते, पण ते दुपारचं बोलणं मला आठवतं, कारण बाईला कुणी आवाज चढवून बोललेलं मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. “बाई, दोन वर्सं कमी लिवली असती तर तुमचं काय गेलं असतं?”

बाईनं त्याला चहा दिला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काही गेलं नसतं. माझी तशीच लिहिलीत.”

ही गोष्ट आमच्यापैकीही कुणाला माहीत नव्हती. बाईचं माहेर शिराळ्याकडचं. ते तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, १९४९ला दक्षिण सातारा झालं, पुढं सांगली. मुलगी म्हणून तिला शाळेत घालायला उशीर झाला. आठवं सरत होतं. तिच्या गुरुजींनी सहा लिहिलं, १ जून १९३२. भल्यासाठीच. त्या दोन वर्षांवर तिनं नोकरी मिळवली, त्याच दोन वर्षांवर ती जास्त राहणार होती. मुदतीत अर्ज करून तारीख दुरुस्त करता आली असती. तिनं केला नाही. आधी पुरावा नव्हता आणि नंतर, मला वाटतं, धीर झाला नाही. घरात एकच पगार होता. इतरांच्या तारखांसाठी चुलीपाशी बसणारी बाई स्वतःच्या तारखेपाशी गप्प राहिली. मी तिला यासाठी माफ बिफ करायला बसलेली नाही. तो माझा अधिकार नाही. असलाच तर त्या पाठीवर पोती वाहणाऱ्याचा आहे. तो तिच्या तेराव्याला आला होता, जेवला आणि कुणाशी न बोलता गेला.

३१ मे १९९०ला बाई निवृत्त झाली. हार, नारळ, साडी. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी ती डबा घेऊन निघाली. आजोबा म्हणाले, कुठं? म्हणाली, शाळेत. दोन वर्षं ती बिनपगारी जात राहिली, पहिलीचा वर्ग घेत राहिली, आणि १९९२च्या उन्हाळ्यात एकदम थांबली. हिशेब चुकता केला, असं गावात कौतुकानं बोललं जातं. आजोबांचं मत वेगळं होतं. ते म्हणायचे, तिला घरी बसवत नव्हतं, आणि गुडघे दुखायला लागले तेव्हा थांबली. दोन्ही खरं असेल.

घरात नातवंडांशीही तिची तऱ्हा हीच. पावकी, निमकी, पाऊणकी आमच्याकडून म्हणून घ्यायची, तेव्हा चूक झाली तर रागवायची नाही, फक्त थांबायची. ते थांबणं छडीपेक्षा वाईट. माझा जन्म रात्री पावणेबाराचा. दवाखान्यातल्या कारकुनानं सकाळी येऊन दाखल्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख टाकली. एक दिवसाचा फरक, कुणाचं काय बिघडतं? बाई तीन वेळा एसटीनं गेली. तिसऱ्या वेळी डबा घेऊन गेली आणि कचेरीच्या बाकावर बसून जेवली. त्यांनी दुपारी दुरुस्ती करून दिली. मी आज त्याच जातीच्या टेबलामागं बसते. कुणी डबा घेऊन येताना दिसलं की मी फाईल आधीच काढून ठेवते.

शेवटची तीन-चार वर्षं बाई माणसं विसरत चालली होती. भेटायला आलेल्या पन्नाशीच्या माणसाला ती नाव विचारायची नाही. “कुठल्या सालचा तू?” तो १९६९ म्हणाला की, “चांदणं होतं,” असं काहीतरी ती पुटपुटायची. दोनदा मी वहीत ताडून पाहिलं. एकदा बरोबर होतं. एकदा कंदील होता.

२०२२च्या डिसेंबरात ती गेली. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायला वडील गेले, मी बरोबर होते. ग्रामसेवकानं विचारलं, वय? वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मला नियम माहीत होता, आधारकार्डही माझ्याच पर्समध्ये होतं. मी म्हणाले, रेकॉर्डला नव्वद. त्यानं नव्वद लिहिलं.

घरी आल्यावर वडिलांनी वही काढली. शेवटच्या पानावर एकच नोंद होती, आधी आम्ही कुणी पाहिलेली नव्हती. तेवढी वाचते आणि बसते. थोडं आधी सांगायला हवं. १९३०च्या पावसाळ्यात तिच्या माहेराजवळ बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला. लोकांनी राखीव जंगलातला साग तोडून त्यावर झेंडा लावला आणि तो उतरवायला पोलीस आले. त्या भागात वय सांगायला ‘बिळाशीच्या बंडातलं’ एवढं पुरायचं.

नोंद अशी आहे:

“स्वतः. साक्ष आई: पोलीस झेंडा उतरवायला आले त्याच्या आदल्या रात्री. साक्ष थोरली आत्या: पोलीस गेल्यावर, दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी. भात गुडघाभर. कंदील: आई हो म्हणते, आत्या नाही म्हणते. त्या सालचं पंचांग मिळवणे. तारीख”

पुढं कोरं आहे. सगळी नोंद शिसपेनीनं.